संगणक नादुरुस्त ठरवण्याआधी पडद्यावरची ओळ वाचावी

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील संगणक धूळ खात पडले आहेत, अशा आशयाच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात आणि त्यांत दोष बहुधा निधीच्या टंचाईकडे जातो. पुण्यातील काही शिक्षणसंस्थांच्या संगणक प्रयोगशाळांची देखभाल मी गेली वीस-बावीस वर्षे करतो आहे. निधीची टंचाई खरीच आहे. पण ‘बंद’ अशी चिठ्ठी चिकटवून कोपऱ्यात रचून ठेवलेल्या संगणकांपैकी बरेच मुळात बंद नसतात, हेही मी तितक्याच वेळा पाहिले आहे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून जागोजागी संगणकांवर नवी प्रणाली टाकण्याची घाई सुरू आहे. विंडोज ११ ला यूईएफआय फर्मवेअर (संगणक चालू होताच जागा होणारा, मदरबोर्डवरचा नव्या पद्धतीचा प्रोग्राम), सिक्युअर बूटची सोय (विश्वासार्ह सही नसलेली बूट फाइल नाकारणारी) आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते. ज्या संगणकांत हे नाही त्यांवर लिनक्स टाकावे लागते. आपल्याच शहरात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणालीही त्यासाठी उपलब्ध आहे. प्रणाली कोणतीही निवडली तरी चाळीस संगणकांवर ती टाकायची म्हटल्यावर पेनड्राइव्ह घेऊन एकेका संगणकापुढे बसणे परवडत नाही. मग नेटवर्कवरून प्रणाली चढवण्याचा मार्ग धरला जातो, आणि तो अडला की संगणकच गेला असा निष्कर्ष निघतो. या पत्राचा विषय एवढाच आहे.

नेटवर्कवरून सुरू होण्याच्या या पद्धतीला पीएक्सई म्हणतात. आमच्या धंद्यात तिला सरळ ‘पिक्सी’ म्हणतात. इंटेलने तिचा २.१ हा आराखडा १९९९ साली प्रसिद्ध केला आणि आजही बहुतेक संगणक त्याच रीतीने वागतात. रिकाम्या डिस्कचा संगणक चालू झाला की त्याला स्वतःचा पत्ताही माहीत नसतो. जुन्या वाड्यात नवा भाडेकरू आला आणि चौकात उभा राहून त्याने ‘माझी खोली कुठली?’ असे मोठ्याने विचारले, तसा तो साऱ्या नेटवर्कला उद्देशून हाक मारतो. डीएचसीपी सर्व्हर त्याला पत्ता देतो. सुरुवातीची फाइल कुठल्या सर्व्हरवर आहे आणि तिचे नाव काय, हे तोच सर्व्हर किंवा दुसरा कोणी सांगतो. मग टीएफटीपी या अगदी साध्या पद्धतीने ती छोटी फाइल येते, ती चालू होऊन मोठी फाइल मागवते आणि त्यानंतर कुठे प्रणाली उतरायला लागते. म्हणजे यात किमान तीन-चार जण बोलतात, आणि त्यांतला कोणीही गप्प बसला तरी पडद्यावर दिसणारे चित्र वरवर पाहता सारखेच असते: काळा पडदा, पांढरी अक्षरे, आणि थोड्या वेळाने पुन्हा बूट मेन्यू.

ती पांढरी अक्षरे मात्र सारखी नसतात. तंत्रज्ञ म्हणवणारे आम्ही लोक ती वाचत नाही, ही माझी पहिली तक्रार आहे आणि ती माझ्याच व्यवसायाविषयी आहे. ‘पीएक्सई-ई६१’ आले तर तारच जोडलेली नाही किंवा तुटली आहे. ‘ई५१’ म्हणजे हाकेला कोणीच ओ दिली नाही. ‘ई५३’ म्हणजे पत्ता मिळाला, पण फाइलचे नाव कोणी सांगितले नाही. ‘ई३२’ म्हणजे नाव कळले, सर्व्हरही कळला, पण फाइल मागितल्यावर तिकडून उत्तर आले नाही. यांतल्या पहिल्यासाठी तार तपासायची, दुसऱ्यासाठी स्विच (साऱ्या संगणकांच्या तारा एकत्र जोडणारी पेटी), तिसऱ्यासाठी डीएचसीपीची नोंद आणि चौथ्यासाठी सर्व्हरची फायरवॉल. चार वेगळ्या जागा, आणि बहुतेक संस्थांत चार वेगळे कंत्राटदार. नव्या यूईएफआय संगणकांवर हे आकडे थोडे बदलतात, उदाहरणार्थ वैध उत्तर न मिळाल्यास ‘ई१६’ दिसते. पण पायऱ्यांचा क्रम तोच राहतो. ओळ दोन-तीन सेकंदांत निघून जाते, म्हणून मोबाइलवर तिचा व्हिडिओ घ्यावा, ही क्लृप्ती मला एका शिकाऊ मुलाने शिकवली. मी त्याआधी कित्येक वर्षे वही-पेन घेऊन बसत असे.

पेठ भागातील एका संस्थेचा अनुभव सांगतो. तिच्या प्रयोगशाळेत बावीस जुने आणि अठरा नवे संगणक होते. जुन्यांवर प्रणाली विनातक्रार चढत होती. नव्यांवर ‘फाइल यशस्वीरीत्या उतरली’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ येई आणि लगेच संगणक बूट मेन्यूत परत जाई. फाइल तर आली, म्हणजे नेटवर्क ठीक आहे, मग दोष डिस्कचाच असला पाहिजे, असा तर्क करून देखभालीच्या कंत्राटदाराने अठरा एसएसडींचे दरपत्रक संस्थेच्या कार्यालयात दिलेही होते. तर्क ऐकायला बिनतोड होता. प्रत्यक्षात डीएचसीपीच्या नोंदीत ६७ क्रमांकाच्या पर्यायात, म्हणजे रकान्यात, फाइलचे एकच नाव कायमचे लिहून ठेवलेले होते आणि ती फाइल जुन्या बायॉस संगणकांसाठी, म्हणजे यूईएफआयच्या आधीचे फर्मवेअर असलेल्यांसाठी, होती. यूईएफआय संगणकाने ती आज्ञाधारकपणे उतरवून घेतली, पण ती त्याच्या लिपीतलीच नव्हती, म्हणून त्याने ती मुकाट्याने बाजूला ठेवली. खरे तर प्रत्येक संगणक हाक मारतानाच आपली जात सांगत असतो: ९३ क्रमांकाच्या पर्यायात जुना बायॉस ‘०’ पाठवतो आणि ६४ बिटांचा यूईएफआय प्रत्यक्षात ‘७’ पाठवतो. ते पाहून दोघांना वेगवेगळ्या फाइलचे नाव द्यायचे, एवढा नियम सर्व्हरवर लिहिला आणि अठराही संगणक त्या दुपारी सुरू झाले. दरपत्रक कार्यालयाच्या फाइलला लागलेलेच आहे.

याच जातीची आणखी एक चूक इंटरनेटवर वाचलेल्या सल्ल्यातून होते. डीएचसीपी आणि प्रणाली वाटणारी सेवा एकाच सर्व्हरवर असतील, तर ६० क्रमांकाचा पर्याय लावावा लागतो आणि वाटप-सेवेला ६७ क्रमांकाचे पोर्ट (सर्व्हरवर निरोप घेणारी क्रमांकित खिडकी) सोडून द्यायला सांगावे लागते. दोन्ही वेगळ्या सर्व्हरवर असताना कोणी हाच पर्याय लावून ठेवला, तर संगणक डीएचसीपी सर्व्हरकडेच पुढची विचारणा ४०११ या पोर्टवर करत राहतो, आणि तिथे उत्तर द्यायला कोणी बसलेलेच नसते. सल्ला चुकीचा नव्हता. तो दुसऱ्या घरासाठी होता.

सर्वांत जास्त छळतो तो मात्र कधी चालणारा आणि कधी न चालणारा संगणक. एका महाविद्यालयात सकाळच्या सत्रात सारे सुरळीत आणि दुपारी दर दोन-तीन संगणकांमागे एकाला ‘ई५३’, असा प्रकार चालला होता. संगणक बदलले, तारा बदलल्या, कोणी भिंतीच्या ओलीला दोष दिला. शेवटी नेटवर्कवरची पाकिटे टिपणारा वायरशार्क हा मोफत प्रोग्राम लावला, तेव्हा एका हाकेला दोन जण उत्तर देत असल्याचे दिसले. शिक्षककक्षात कोणीतरी मोबाइलला रेंज मिळावी म्हणून घरचा जुना वाय-फाय राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला लावला होता आणि तार चुकीच्या, म्हणजे आतल्या, पोर्टला जोडली होती. तो बिचारा आपल्या समजुतीप्रमाणे सगळ्या प्रयोगशाळेला पत्ते वाटत होता. फाइलचे नाव त्याला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्याचे उत्तर आधी पोचले की संगणक अडे, खऱ्या सर्व्हरचे आधी पोचले की चाले. ते शिक्षक दुपारी येत. व्यवस्थापित, म्हणजे मांडणी बदलता येणाऱ्या, स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय असते. ती चालू केली आणि फक्त खऱ्या सर्व्हरच्या पोर्टला विश्वासार्ह ठरवले की अशा आगंतुकाची उत्तरे स्विचच अडवतो. पण ती चालू करून खऱ्या सर्व्हरचे पोर्ट विश्वासार्ह ठरवायला विसरले, तर सगळीच उत्तरे अडतात. असेही मी पाहिले आहे, आणि ती चूक माझीच होती, हे प्रांजळपणे सांगतो.

नवा, महागडा स्विच बसवल्यानंतर अख्खी प्रयोगशाळा ‘ई५१’ दाखवू लागते, ही तक्रार मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येते. स्विचमध्ये वेटोळे तयार होऊन नेटवर्क ठप्प होऊ नये म्हणून स्पॅनिंग ट्री नावाची व्यवस्था असते. तार जोडली गेली की तिच्या पूर्वनियोजित वेळांप्रमाणे पोर्ट १५ सेकंद ऐकत आणि १५ सेकंद शिकत राहते. तोवर त्यातून काहीही पुढे जात नाही. दरम्यान संगणक हाका मारून मोकळा झालेला असतो. पीएक्सईच्या आराखड्यात ४, ८, १६ आणि ३२ सेकंदांची वाढती प्रतीक्षा सांगितलेली आहे, पण अनेक फर्मवेअर इतका दम धरत नाहीत. भर म्हणजे सुरुवातीची फाइल चालू होताना नेटवर्क कार्ड पुन्हा नव्याने जागे होते आणि ते तीस सेकंद पहिल्यापासून मोजले जातात. उपाय एका ओळीचा आहे: ज्या पोर्टला संगणकच जोडायचा आहे त्यावर पोर्टफास्ट, म्हणजे लगेच वाट मोकळी करण्याची सूचना, द्यायची. निदान तर त्याहून स्वस्त आहे. तपकीर गल्लीत मिळणारा पाच पोर्टचा साधा, अव्यवस्थापित स्विच भिंतीतले सॉकेट आणि संगणक यांच्यामध्ये लावावा. संगणक बंद-चालू केला तरी भिंतीकडची तार जिवंतच राहते, त्यामुळे मोठा स्विच पुन्हा मोजायला बसत नाही; आणि अशा वेळी संगणक सुरू झाला, तर दोष कुठे आहे ते कळले. माझ्या पिशवीत असा एक स्विच कायम असतो आणि अनेक किमती उपकरणांपेक्षा त्याने मला अधिक वेळा वाचवले आहे.

प्रयोगशाळा आणि सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या स्वतंत्र पाडलेल्या भागांत, असतील, तर वाड्याच्या चौकातली हाक शेजारच्या वाड्यात पोचत नाही, कारण राउटर अशा हाका पुढे जाऊ देत नाही. त्याला हेल्परचा पत्ता द्यावा लागतो, म्हणजे तो ती हाक निरोप म्हणून नेऊन पोचवतो. हा निरोप डीएचसीपी सर्व्हरला आणि प्रणाली वाटणाऱ्या सर्व्हरला असा दोघांनाही जायला हवा. अनेकदा तो पहिल्यालाच जातो.

‘ई३२’विषयी एवढेच सांगतो की टीएफटीपीची मागणी ६९ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर जाते, पण सर्व्हर फाइल पाठवतो ती दुसऱ्याच, आयत्या वेळी निवडलेल्या पोर्टवरून. म्हणून फायरवॉलमध्ये ६९ उघडून निश्चिंत झालेल्या माणसाला वाटते की आपले काम झाले, आणि फाइल तरीही येत नाही. मूळ पद्धतीत फाइल ५१२ बाइटांच्या तुकड्यांनी येते व प्रत्येक तुकड्याची पोच दिल्याशिवाय पुढचा निघत नाही. त्यामुळे मोठी फाइल रखडली तर ती अडली आहे की नुसती रेंगाळते आहे, हे पाहावे आणि सर्व्हरवर तुकड्याचा आकार वाढवून बघावा. सगळे पार पडून विंडोजचा छोटा अवतार सुरू झाला आणि लगेच संगणक पुन्हा चालू-बंद होऊ लागला, तर बहुतेक वेळा त्या अवतारात नव्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नसतो. तिथे एफ-८ दाबून उघडणाऱ्या काळ्या खिडकीत पत्ता तपासला की उलगडा होतो. अर्थात ती सोय आधी चालू करून ठेवलेली असेल तर. येथवर संगणक स्वतःच्या फर्मवेअरच्या बळावर बोलत होता, आता त्याला नवी भाषा यायला हवी; ती शिकवली नाही, हा संगणकाचा दोष नव्हे.

वेग हाही गैरसमजाचा मोठा विषय आहे. ६ जीबीची इमेज, म्हणजे प्रणालीची तयार प्रत, ४० संगणकांना एकेक करून पाठवायची म्हणजे २४० जीबी. सर्व्हरची तार सेकंदाला एक गिगाबिट वेगाने चालत असेल, तर आदर्श स्थितीत हे सुमारे ३५ मिनिटांचे काम आहे. तीच तार १०० मेगाबिटवर उतरली, तर जवळजवळ सहा तास. आणि ती उतरते कशाने? गिगाबिटला तारेतल्या आठही धाग्यांची गरज असते, १०० मेगाबिटला चार पुरतात. उंदराने किंवा घाईत मारलेल्या कनेक्टरने त्या चारांबाहेरचा एक धागा तोडला, तरी दोन्ही बाजूंचे दिवे लागतात, इंटरनेट चालते, कोणाला काही कळत नाही. फक्त त्या दिवसाचे काम रात्रीपर्यंत लांबते. एकच प्रत सगळ्यांना एकदम पाठवण्याची मल्टिकास्ट पद्धत आहे, पण तिच्यात सर्वांत संथ संगणक बाकीच्यांना मागे खेचतो आणि स्विचची रचना नीट नसेल, तर शेजारच्या कार्यालयाचे नेटवर्कही भरून जाते. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचा पहिला प्रयोग करू नये.

आता खास आपल्या शहराची एक गोष्ट. गुरुवारी देखभालीसाठी अनेक भागांत वीज बंद असते आणि शुक्रवारी सकाळी माझा फोन वाजतो. ‘परवापर्यंत चालत होते, आज नेटवर्कवरून उचलतच नाही.’ मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलेला असतो. वीज होती तोवर ते झाकले गेले होते. वीज जाताच फर्मवेअरच्या मांडण्या मूळपदावर आल्या, नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय बंद झाली आणि तारीखही मागे गेली. मांडणी पुन्हा लावली तरी तारीख कोणी पाहत नाही, आणि मग प्रणाली चढल्यानंतर संगणक संस्थेच्या डोमेनला (सगळ्या संगणकांच्या सामायिक खात्यांच्या व्यवस्थेला) जोडला जात नाही, कारण तिथे घड्याळात पाच मिनिटांहून अधिक फरक चालत नाही. सेल चाळीस-पन्नास रुपयांचा असतो. तो न बदलता संगणक भंगारात काढल्याची दोन उदाहरणे मला माहीत आहेत.

मला खरे सांगायचे आहे ते संस्थाचालकांना आणि निविदा लिहिणाऱ्यांना. वरच्या जवळजवळ प्रत्येक प्रसंगात बिघाड कोणा एकाच्या हद्दीत नव्हता, दोघांच्या सीमेवर होता. संगणकांचे वार्षिक देखभाल कंत्राट एकाकडे, इंटरनेट दुसऱ्याकडे, सर्व्हर तिसऱ्याकडे, आणि स्विच सीसीटीव्ही बसवणाऱ्याकडे, कारण कॅमेऱ्यांसाठी म्हणून तो आला. संगणकवाल्याने पोर्टफास्ट लावा म्हणावे, तर स्विचचा पासवर्ड सीसीटीव्हीवाल्याकडे. तो म्हणणार, माझे कॅमेरे चालू आहेत. एका संस्थेत तर ज्याने स्विच बसवला तो नोकरी सोडून परगावी गेला होता आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. दोन महिने एक प्रयोगशाळा केवळ त्यामुळे बंद राहिली. ‘नेटवर्कमध्ये समस्या आहे’ आणि ‘संगणकात समस्या आहे’ या दोन वाक्यांच्या मध्ये मुलांची प्रात्यक्षिके गेली.

म्हणून कंत्राटात काही गोष्टी स्पष्ट लिहाव्यात असे मला वाटते. स्विच, सर्व्हर आणि फर्मवेअर यांचे पासवर्ड लखोट्यात बंद करून संस्थेच्या कार्यालयात असावेत व व्यक्ती बदलली की लखोटाही बदलावा. कोणते सॉकेट स्विचच्या कोणत्या पोर्टला जाते आणि तो कोणत्या व्हीलॅनमध्ये आहे, याचा कागद प्रयोगशाळेतच चिकटवलेला असावा. सुटा भाग बदलण्याचे दरपत्रक देताना पडद्यावरच्या संदेशाचे छायाचित्र जोडणे बंधनकारक असावे. ते नसेल, तर दरपत्रक परत पाठवावे. आणि नेटवर्कवरून प्रणाली चढवून दाखवल्याशिवाय नव्या स्विचचे अंतिम देयक देऊ नये. यांतले काहीच खर्चिक नाही. कंत्राटदार कुरकुर करतील; मीही त्यांच्यातलाच एक आहे आणि पहिल्यांदा मीही केली होती. हल्ली मात्र त्या छायाचित्रामुळे माझ्या निम्म्या फेऱ्या वाचतात, कारण फोनवर ते पाहूनच काय घेऊन जायचे ते ठरते.

नेटवर्कबाबत संस्थांनी एक तारीखही ध्यानात ठेवायला हवी. सिक्युअर बूट ज्यांच्या भरवशावर चालते ती मायक्रोसॉफ्टची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून संपू लागतात आणि विंडोजच्या बूट फाइलवर सही करणारे प्रमाणपत्र ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. त्या दिवशी संगणक एकदम बंद पडणार नाहीत. परंतु सर्व्हरवरची बूट फाइल २०२३ च्या नव्या प्रमाणपत्राने सही केलेली आणि संगणकाच्या फर्मवेअरमध्ये मात्र ते प्रमाणपत्र नाही, अशी जोडी जमली, तर संगणक ती फाइल नाकारेल; उलट ज्या संगणकात जुने प्रमाणपत्र रद्द केले आहे, तो सर्व्हरवरची जुनी फाइल नाकारेल. तेव्हाही पडद्यावर एक ओळ येईल, आणि ती सुरक्षेच्या उल्लंघनाविषयी असेल. ती पाहून कोणी सिक्युअर बूटच कायमचे बंद करून टाकू नये. फर्मवेअर अद्ययावत करण्याचे काम संगणकवाल्याचे आणि सर्व्हरवरची फाइल बदलण्याचे दुसऱ्याचे, हे लक्षात घेता दोघांना एकाच दिवशी, एकाच खोलीत बोलावून घ्यावे. फक्त तो दिवस गुरुवार नसावा.

कळावे.

आपला,
संगणक प्रयोगशाळांची देखभाल करणारा एक वाचक,
कोथरूड, पुणे